तेरावी ओळ, बारावी खुर्ची

सोमवार, ३

घडलं ते आधी क्रमाने लिहून ठेवते. मतं नंतर.

१. मागच्या महिन्याच्या २३ तारखेला दुपारच्या खेळाला एकशे सहा प्रेक्षक होते. मध्यंतरानंतर त्यातले चाळीसएक परत आत आले नाहीत.
२. सगळ्यांची तक्रार एकच: आवाज टोचतो. एका बाईंनी तक्रारवहीत लिहिलंय, "प्रत्येक 'स' कानात सुईसारखा जातो."
३. थिएटरच्या धाकट्या मालकांनी खेळ बंद केले आणि आवाज तपासणाऱ्या आमच्या कंपनीला कळवलं.
४. कंपनीने मला पाठवलं. काम: स्पीकर मोजणे, पातळ्या नीट लावणे, आणि शुक्रवारी, १४ तारखेला, लेखी अहवाल देणे. अहवालात 'कारण' आणि 'जबाबदार व्यक्ती' असे दोन रकाने आहेत.
५. धाकटे मालक फोनवर म्हणाले, "पंधराला थिएटर उघडतंय. ज्याच्यामुळे हे झालं तो माणूस मला नको. नाव लिहून द्या, बाकीचं मी बघतो."
६. तिथल्या प्रोजेक्टरच्या खोलीत गेली एकतीस वर्षं एकच माणूस काम करतो.
७. ती माझी आत्या आहे.

सातवा मुद्दा मी कंपनीला सांगितला. दुसरं कोणी मोकळं नाही म्हणाले. "सांगितलंस ना, झालं तर मग."

आत्याकडेच उतरले आहे. दार दहा मिनिटं वाजवलं. शेवटी ढकललं तर उघडंच होतं. ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. मी तिच्या पुढ्यात गेले तेव्हा केवढ्यानं दचकली.

"कार्टे! चार वर्षांनी आलीस आणि चोरासारखी?"

"दार वाजवत होते. कडी का लावत नाहीस? चोर खरंच आला तर?"

"येऊ दे. दोन भांडी घासून घेईन त्याच्याकडून." मग माझी बॅग उचलून बघितली. "यात कपडे किती आणि यंत्रं किती?"

"कपडे दोन किलो. यंत्रं अकरा."

"वाटलंच. बस, अंडी फोडते."

मी नेहमीच्या जागी बसले तर तिने मला उठवून खिडकीसमोर बसवलं. "इथे उजेडात बस. तोंड दिसू दे तुझं." जेवताना सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती. चार वर्षांनी भेटल्यावर माणसं असं करत असावीत. मला अवघडल्यासारखं झालं.

मंगळवार, ४

पहिली मोजणी. नियम साधा आहे. पडद्यामागे तीन स्पीकर असतात: डावा, मधला, उजवा. मुख्य बटण सातवर ठेवायचं आणि एकेका स्पीकरमधून एकसारखी खरखर सोडायची, रेडिओवर स्टेशन लागलं नाही की येते तशी. मीटर धरायचा पडद्यापासून दोन-तृतीयांश अंतरावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. तिथे पंच्याऐंशी डेसिबल आले पाहिजेत. भिंतींवरच्या स्पीकरना ब्याऐंशी.

टेप लावली. पडद्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत चोवीस मीटर. सोळा मीटरवर तेरावी ओळ आली, मधली जागा बारावी खुर्ची. लहानपणी मी याच खुर्चीत बसायचे. आई-बाबा दोघंही नोकरीला, त्यामुळे शाळा सुटली की मी इथे. आत्या मला याच खुर्चीत बसवायची, खाली दोन उशा घालून. योगायोग.

आकडे: मधला ८९, डावा ८८, उजवा ८८. आकड्यांपेक्षा आलेख वाईट आहे. जाड आवाज ठीक, मधले ठीक, आणि बारीक आवाजांकडे गेलं की डोंगर. आठ हजार हर्ट्झच्या पट्टीत हवा त्यापेक्षा नऊ डेसिबल जास्त. बाईंची सुई हीच.

आत्या दारात उभी राहून ऐकत होती.

"ही खरखर मोजायला कॉलेजात पाच वर्षं घातलीस?"

"चार."

"मग ठीक."

तिच्या खोलीतली बॅकअपची बॅटरी संपत आली आहे. दर अर्ध्या मिनिटाला टीं करून बारीक ओरडते. माझं डोकं उठलं. "बदलली का नाहीस?" म्हटलं, तर म्हणते, "ओरडू दे बिचारीला, तिला दुसरं काम काय!" एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने असा हलगर्जीपणा करावा याचं आश्चर्य वाटलं. बाकी खोली लखलखीत आहे. हॉलकडे बघायच्या छोट्या काचेवर बोटाचा ठसासुद्धा नाही.

गुरुवार, ६

दोष सापडला. आवाजाच्या यंत्राचं पुढचं झाकण उघडलं की आत बारीक स्क्रूंची रांग आहे, एकेका पट्टीला एकेक. बारीक आवाजांचे सगळे स्क्रू उजवीकडे फिरवलेले. तिन्ही स्पीकरचे.

"हे कोणी फिरवले?"

"मी. मग काय भूत येतं?"

"का?"

"बोललेलं नीट कळावं म्हणून. हल्लीची नटमंडळी तोंडात गोटी धरून बोलतात."

मी तिला कागदावर काढून दाखवलं. बारीक आवाज वाढवले की लोकांना टोचतं. टोचलं की ते आवाज कमी करा म्हणतात. तू मुख्य बटण सातवरून साडेचारवर आणलंस. मग शब्द पुसट झाले, म्हणून बारीक आवाज आणखी वाढवलेस. मग आणखी टोचलं. तू स्वतःच्याच शेपटीमागे फिरते आहेस.

"शब्द कळत नाहीत अशी तक्रार होती," ती म्हणाली.

"कोणाची?"

"असेल कोणाची तरी."

तक्रारवही नऊ वर्षांची बघितली. अशी एकही तक्रार नाही. विसंगती नोंदवून ठेवते.

मी जरा जास्तच बोलले. मोजल्याशिवाय स्क्रूला हात लावणं म्हणजे काय, शिकाऊ माणूससुद्धा असं करत नाही, वगैरे. तिने स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातातून घेतला, फडक्याने पुसला आणि जागेवर ठेवला.

"मोजायला होतं कोण?"

मुद्दा बरोबर आहे. आमच्या कंपनीचा वार्षिक तपासणीचा करार नऊ वर्षांपूर्वी संपला, इकडून कोणी वाढवला नाही, तिकडून कोणी आठवण केली नाही. अहवालासाठी टिपून घेतलं. ती मात्र उरलेला दिवस माझ्याशी बोलली नाही. मी पाठीमागून दोनदा हाक मारली, तरी वळली नाही. इतका राग धरणारी ती नव्हती.

शनिवार, ८

धाकटे मालक येऊन गेले. सज्जन आहेत, पण उभ्याउभ्याच बोलतात, बस सुटणार असल्यासारखे.

"नाव सापडलं का?"

"दोष सापडला आहे."

"मला नाव हवंय, मॅडम. आत्या आहेत तुमच्या, माहितीये मला. म्हणूनच लेखी मागतोय." जाता जाता थांबले. "गंमत म्हणजे तुमच्या कंपनीला फोन करायला त्यांनीच लावलं मला. तुम्हालाच पाठवा म्हणून सांगायलासुद्धा."

ओळखीमुळे काम लवकर होईल असा तिचा हिशोब असावा.

दुपारी यंत्राची नोंदवही मागितली. आत्याने बराच वेळ दिली नाही. मग कपाटातून चार जाड वह्या काढून माझ्या मांडीवर आदळल्या. "वाचून हसायचं नाही."

हसले नाही. पहिली वही नीट तारखेनिशी आहे. कुठला स्क्रू, कुठल्या बाजूला, किती फिरवला. तिथपर्यंत उत्तम. मग माझ्या वयाच्या सातव्या वर्षापासून पुढे असं:

"मधला. चार हजार, अर्धा फेरा खाली. पोर: ठीक."

"उजवा. आठ हजार, पाव फेरा खाली. पोर म्हणाली अजून टोचतं. आणखी पाव. पोर: ठीक."

"पोरीला आजपासून दोन उशा. कान मोठ्या माणसाच्या उंचीला आले पाहिजेत."

"पोरीला सर्दी. आज काही फिरवायचं नाही."

मला वाटायचं तो खेळ आहे. सिनेमा सुरू व्हायच्या आधी रिकाम्या हॉलमध्ये ती मला तेराव्या ओळीत बसवायची आणि वर जायची. खोलीतून हॉलचा आवाज खरा कळत नाही, मध्ये काच असते. ती काचेतून बघायची आणि मी हाताने सांगायचे. तळहात वर म्हणजे वाढव. खाली म्हणजे कमी कर. कानाची पाळी धरली म्हणजे टोचतंय. डोक्यावर हात ठेवला म्हणजे ठीक. डोक्यावर हात ठेवला की खाली येऊन ती मला पहिला पॉपकॉर्न द्यायची. उशा पुढचं दिसावं म्हणून असतील असं मी धरून चालले होते. पण पुढे कोणी बसलेलंच नसायचं.

"पोर: ठीक" मी मोजले. दोनशे बारा. शेवटचा नऊ वर्षांपूर्वीचा, मी कॉलेजसाठी गेले त्या आठवड्यातला. पुढची नोंद पाच महिन्यांनी आहे: "आज स्वतःच खाली जाऊन ऐकलं. जरा बोथट वाटलं. आठ हजार, पाव फेरा वर."

त्यानंतर तीनचार महिन्यांनी पाव फेरा वर. पुन्हा पाव फेरा वर. नोंदीच्या शेवटी "ठीक" कुठेच नाही.

रविवार, ९

आज कामाला सुट्टी होती. तरी वहीतले पाव-पाव फेरे वर्षवार मांडून आलेख काढला. चार हजार आणि आठ हजार सगळ्यात जास्त, दोन हजार त्याहून कमी, खालचे जागच्या जागी. दरवर्षी थोडा उंच. आकार ओळखीचा वाटत होता. कुठे पाहिला ते आठवायला वीस मिनिटं लागली.

कंपनी दरवर्षी आमचे कान तपासते. माझा या वर्षीचा तक्ता बॅगेत आहे. त्याच्या मागे छापलेली नमुना चित्रं असतात, वाढत्या वयात बारीक आवाज कसे जातात त्याची. मी काढलेला आलेख खालचा वर असा उलटा धरला आणि त्या चित्रावर ठेवला.

बसला.

तिला जितकं कमी ऐकू येत गेलं, तितकंच तिने यंत्रातून वाढवलं. पाव फेऱ्याची चूक नाही. आत्याचे कान मी कधी मोजले नाहीत, पण तिने ते नऊ वर्षं मोजून तारखेनिशी लिहून ठेवले आहेत.

मग माझ्या या डायरीची मागची पानं वाचली. उघडं दार. दचकणं. खिडकीचा उजेड. बॅटरी. पाठीमागून मारलेल्या हाका. मलाच पाठवा म्हणणं. माझी निरीक्षणं सगळी बरोबर होती. निष्कर्ष एकही बरोबर नव्हता.

अहवालात काय लिहायचं? "यंत्र जुनं, स्क्रू आपोआप सरकले" असं लिहिलं तर कोणी तपासणार नाही. हा विचार मी सुमारे दोन तास केला. खोटा अहवाल मी आजवर दिलेला नाही. खरा दिला तर शनिवारी तिच्या खोलीत दुसरं कोणीतरी असेल. ती काच रोज पुसेल की नाही कोण जाणे.

सोमवार, १०

सगळे स्क्रू नव्याने लावले. मीटर तेराव्या ओळीत, शिवाय आसपास आणखी चार ठिकाणी, सगळ्यांची सरासरी. मधला ८५, डावा ८५, उजवा ८५. भिंती ८२, दोन्हीकडे. आलेख सरळ, शेवटाकडे हळू उतरणारा, हवा तसा. मला आतापर्यंत जमलेला हा सगळ्यात चांगला आलेख आहे. दाखवायला कोणी नव्हतं म्हणून इथे लिहिते.

मग नुसत्या संवादांचा एक तुकडा लावला, मुख्य बटण सातवर. आत्या खाली आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

"मारलंस," ती म्हणाली. "गोधडी टाकलीस यावर. एक अक्षर सुटं नाही."

"मीटर बरोबर आहे, आत्या."

"मीटर गेला खड्ड्यात. तू ऐक ना!"

सफाईवाल्या मावशी मागच्या ओळीत झाडत होत्या. झाडू टेकवून उभ्या राहिल्या. "बाई, आज ती नटी काय बोलतेय ते कळलं मला. एरवी तिनं तोंड उघडलं की मी बाहेर पळायचे, दात शिवशिवायचे माझे."

"तुला कळलं?"

"शब्दन् शब्द. नवऱ्याला सोडून चाललीये ना ती? बरं करतेय."

आत्या मावशींकडे बघत राहिली. मग पडद्याकडे. पडद्यावरची बाई बोलतच होती. आत्या तिच्या ओठांकडे बघत होती, जशी माझ्याकडे बघते तशी.

"तुला कसं वाटतंय गं?" तिने मला विचारलं.

माझा हात डोक्यावर गेला. मी ठरवून नेला नाही.

आत्याने मान हलवली आणि वर गेली. नंतर खालून पाहिलं तर ती काच पुसत होती. स्वच्छच होती. तरी बराच वेळ पुसत होती.

मंगळवार, ११

चार वाक्यं तयार केली होती. सकाळी चहाच्या वेळी बोलायची. पहिलंच वेगळं निघालं.

"आत्या, ती बॅटरी अजून ओरडतेय."

"माहितीये. लाल दिवा लागतो तिचा."

"आणि आवाज?"

"चहा घे, निवतोय."

चहा घेतला. तिने बशी धुतली, पुसली, पुन्हा धुतली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "एक विचारू? चिमण्या कमी झाल्यात का गं हल्ली?"

खिडकीबाहेरच्या तारेवर सात चिमण्या होत्या आणि सातही कलकलत होत्या. मला हो म्हणता आलं नाही. नाहीही म्हणता आलं नाही.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. उत्तर तिला मिळालं असावं.

"बरं," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं की त्या आहेत जागेवर." थोड्या वेळाने: "तू असेल ते लिही. माझ्यासाठी खोटं लिहिलंस तर तो तुझा मीटर गच्चीवरून फेकीन. अकरा किलो आहे ना? बरोबर पडेल."

"अकरा किलो सगळी यंत्रं मिळून. मीटर साडेतीनशे ग्रॅम."

"मग तुला फेकीन."

पुढची तीन वाक्यं बोलायची राहून गेली. मला समोरासमोर जमत नाही, हे तिलाही माहीत आहे. तिने मला आणखी दोन अंडी वाढली.

बुधवार, १२

सकाळी बॅटरी बदलली. खोली इतकी शांत झाली की तिने मान वर करून विचारलं, "काय केलंस?" दिवा विझलेला दिसला असणार.

अहवाल लिहून झाला. सोबत तिच्यासाठी चिठ्ठी. उद्या सकाळी तिच्या नोंदवहीत ठेवीन. ऐकलं नाही असं म्हणता येतं. वाचलं नाही असं ती म्हणणार नाही. प्रत इथे ठेवते.

आत्या,

अहवाल शुक्रवारी दुपारी बाराला जातो. त्याआधी तू वाचावास.

'कारण' या रकान्यात लिहिलं आहे: "नऊ वर्षं यंत्राने मोजणी झाली नाही. तपासणीचा करार चित्रपटगृहाने वाढवला नाही आणि आमच्या कंपनीने आठवण केली नाही. त्या काळात पातळ्या एकाच व्यक्तीच्या कानांनी लावल्या गेल्या. त्या कानांची तपासणीही कोणी सुचवली नाही."

'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात धाकटे मालक आणि आमची कंपनी, असे दोघे लिहिले आहेत. तिसरी व्यक्ती तेराव्या ओळीत बसायची. ती नऊ वर्षं गैरहजर होती. हे अहवालात बसत नाही म्हणून तुला लिहिते.

खाली 'सूचना' असा तिसरा रकाना मी वाढवला आहे. त्यात लिहिलं आहे की ऑपरेटर बदलू नये. कारण दिलं आहे: एकतीस वर्षांत फिरवलेला प्रत्येक स्क्रू तारखेनिशी लिहिलेला मला दुसऱ्या कुठल्याही चित्रपटगृहात सापडलेला नाही. हे खरं आहे. मी चौतीस पाहिली आहेत. मालक ऐकतील याची खात्री नाही. मी समोर उभी राहून सांगेन.

यापुढे स्क्रूला हात मीटर बघूनच लावायचा. माझा जुना मीटर ठेवून जाते. महिन्यातून एकदा पूर्ण मोजणी व्हायला हवी. पहिल्या रविवारी मी येईन. हे कंपनीच्या वतीने नाही. उशा लागणार नाहीत.

दोन गोष्टी तुला ठरवायच्या आहेत.

एक, कानांची दोन वाक्यं अहवालात ठेवू की काढू. काढली तर अहवाल खोटा होत नाही, अपुरा होतो. कान तुझे आहेत.

दोन, शनिवारी सकाळी दहाला कानांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. खेळ तीनला आहे, वेळ पुरेल. मी बरोबर येईन. तू येशील का?

गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत दोन्हींचं उत्तर हवं आहे. मी तेराव्या ओळीत बसलेली असेन. काचेतून दिलंस तरी चालेल.